ये शिवेननं लॉक्टीला हरवलं नव्हतं, तो मेसेज फॉरवर्ड करणं थांबवा

ऑलिम्पिक किंवा स्विमिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप जवळ आली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर साधारण असा की २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये चीनची १६ वर्षांची ये शिवेन ४०० मीटर मेडलेत पुरुषांच्या चॅम्पियनपेक्षा, म्हणजे अमेरिकेच्या रायन लॉक्टीपेक्षा फास्ट पोहली, एका वर्षात सात सेकंद कमी केले, कुठून आली कुणाला माहीत नाही आणि लगेच गायबही झाली, म्हणजे शंभर टक्के डोपिंग, चीनवाले असेच.

मला याचा खरंच राग येतो. आकडे सगळ्यांसमोर आहेत, पाच मिनिटांत तपासता येतात, आणि तरी शिकलेसवरलेले लोक न बघता पुढे ढकलतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला आणि सगळ्यात मोठा, "पुरुषापेक्षा फास्ट". २८ जुलै २०१२, एकाच संध्याकाळी पुरुषांची आणि महिलांची अशा दोन्ही ४०० मेडलेच्या फायनल होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वैयक्तिक मेडलेत एकाच जणीनं चारही स्ट्रोक पोहायचे असतात, आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल, प्रत्येकी १०० मीटर. ये शिवेनचा टाइम ४:२८.४३, वर्ल्ड रेकॉर्ड, आधीचा स्टेफनी राइसचा बीजिंगमधला ४:२९.४५ होता. लॉक्टीचा टाइम ४:०५.१८. म्हणजे २३ सेकंदांहून जास्त फरक. दोघं एकाच पूलमध्ये शेजारी शेजारी पोहत असते तर लॉक्टीनं भिंतीला हात लावला तेव्हा तिला अजून सुमारे ४० मीटर जायचं राहिलं असतं. याला कुणी हरवणं म्हणतं का?

मग हा दावा आला कुठून? तर फक्त शेवटच्या ५० मीटरवरून. तिचे २८.९३ आणि त्याचे २९.१०. हे आकडे खरे आहेत, नाकारायचा प्रश्नच नाही. पण अजून एकच लांबी, म्हणजे पूलची ५० मीटरची एक फेरी, मागे जा आणि फ्रीस्टाइलचे पूर्ण १०० मीटर घ्या, तिथं ती ५८.६८ आणि तो ५८.६५, म्हणजे तोच पुढे, बारीकसा का होईना. आणि पहिल्या ३०० मीटरला तो ३:०६.५३ आणि ती ३:२९.७५, सगळी दरी तिथंच पडलेली. आठ लांब्यांमधली एक उचलायची आणि बाकी सात झाकून ठेवायच्या, म्हणजे दोन मुलांच्या मार्कशीटमधला एकच विषय दाखवून टोटलवर बोट ठेवण्यासारखं झालं.

त्यात लॉक्टीचं शेवटचं ५० हे पुरुषांच्या वेगाचं माप कधीच नव्हतं. तो ती रेस ३.६८ सेकंदांनी जिंकला, दुसऱ्या नंबरचा ब्राझीलचा थियागो परेरा खूप मागे होता, म्हणजे शेवटच्या लांबीत त्याच्या पाठीशी कुणी लागलेलंच नव्हतं. त्याच फायनलमध्ये चौथा आलेला मायकल फेल्प्स शेवटचे ५० लॉक्टीपेक्षाही फास्ट पोहला आणि ये शिवेनपेक्षाही. पण फेल्प्सचं नाव घातलं तर मेसेजातली हवाच जाते, म्हणून ते त्यात कधी दिसत नाही.

आता तिची रेस बघा, कारण ती बघितली की सगळं नीट समजतं. ३०० मीटरला, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक संपताना, ती पहिली नव्हतीच, अमेरिकेची एलिझाबेथ बायझल पुढे होती. पण फ्रीस्टाइल हा ये शिवेनचा हुकमी स्ट्रोक. तिथून तिनं बायझलला गाठलं, मागे टाकलं आणि भिंतीपर्यंत २.८४ सेकंदांची आघाडी घेतली. म्हणजे एकीचा सगळ्यात भारी स्ट्रोक शेवटी आला, तिला सोनं मिळवायला तो जीव तोडून पोहावा लागला, आणि दुसऱ्याची रेस शेवटच्या लांबीआधीच जिंकून झाली होती. अशा दोन ५० मीटरची तुलना करून निष्कर्ष काढायचा हे मला पटतच नाही. मेडलेच्या शेवटी ५८.६८ हा विलक्षण टाइम आहे, हे मी शंभर वेळा मान्य करीन. विलक्षण म्हणजे चोरी नव्हे.

"एका वर्षात सात सेकंद." हे तर 'नेचर'सारख्या विज्ञान साप्ताहिकाच्या बातमीतही आलं होतं आणि नंतर त्यांना दुरुस्ती छापावी लागली. घोळ असा की तुलना केली २०११च्या शांघाय वर्ल्ड चॅम्पियनशिपमधल्या ४:३५.१५शी, तिथं ती पाचवी आली होती. पण त्याच्या आधीच, २०१०च्या ग्वांगझौ एशियन गेम्समध्ये, ती ४:३३.७९ पोहून बसली होती. तिथून लंडनपर्यंत फरक ५.३६ सेकंद, तेही पावणेदोन वर्षांत, १४ ते १६ या वयात, जेव्हा अंग भराभर वाढतं. चार मिनिटांच्या रेसमध्ये या वयात एवढं कमी होणं मोठं आहे पण अशक्य नाही, कुठल्याही ज्युनियर कोचला विचारा.

"कुठून आली माहीत नाही" हे तर बोलायच्याही लायकीचं नाही. त्याच एशियन गेम्समध्ये तिनं १४व्या वर्षी २०० आणि ४०० मेडलेची दोन्ही गोल्ड घेतली होती, आणि २०११ला शांघायमध्ये २०० मेडलेची वर्ल्ड चॅम्पियन झाली होती. स्विमिंग बघणाऱ्यांना ती चांगलीच माहीत होती, बाकीच्यांना लंडनमध्ये कळली एवढंच.

"१६ वर्षांच्या मुलीला शक्यच नाही" म्हणणाऱ्यांना एकच नाव सांगतो, कॅनडाची समर मॅकिन्टॉश. एप्रिल २०२३मध्ये ती ४०० मेडले ४:२५.८७ पोहली, वर्ल्ड रेकॉर्ड, आणि तेव्हा तीही १६चीच होती. म्हणजे त्याच वयात ये शिवेनपेक्षा अडीच सेकंदांनी फास्ट. त्याआधी २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये हंगेरीच्या काटिंका होसूनं ४:२६.३६ केलं होतं, आणि २०२५मध्ये मॅकिन्टॉशनंच रेकॉर्ड ४:२३.६५वर नेला. लंडनचा टाइम माणसाच्या आवाक्याबाहेरचा असता तर चार वर्षांत मोडला नसता.

"नंतर गायब झाली, औषधं बंद झाली म्हणून." रिओत तिची अवस्था वाईट होती हे खरं, ४०० मेडलेत २७वी आली, फायनल खूप लांब राहिली. पण २०१९मध्ये कोरियातल्या ग्वांगजूला तिनं वर्ल्ड चॅम्पियनशिपची दोन सिल्व्हर घेतली, २०० मेडलेत आणि ४०० मेडलेतही, दोन्हीकडे होसूच्या मागे. ४००चा टाइम ४:३२.०७ म्हणजे तिच्या १४व्या वर्षीच्या टाइमपेक्षा चांगला. किशोरवयात शिखरावर गेलेल्या मुलींची घसरण हा या खेळातला नेहमीचाच, वाईट वाटायला लावणारा भाग आहे. अमेरिकेच्या मिसी फ्रँकलिननं १७व्या वर्षी लंडनमध्ये चार गोल्ड जिंकली आणि रिओत तिला एकाही वैयक्तिक फायनलमध्ये जाता आलं नाही. तिच्यावर कुणी असा मेसेज बनवला नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, "चीनवाले असेच", आणि हा मात्र पोकळ नाही म्हणून याला नीट उत्तर द्यायला हवं. १९९४च्या हिरोशिमा एशियन गेम्समध्ये चीनचे स्विमर डोपिंगमध्ये सापडले. १९९८मध्ये पर्थच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला जाताना चिनी स्विमरच्या सामानात सिडनी विमानतळावर ग्रोथ हॉर्मोनच्या बाटल्या मिळाल्या. २०२१मध्ये २३ चिनी स्विमर्सच्या टेस्टमध्ये बंदी असलेलं औषध आलं आणि ही गोष्ट जगाला २०२४मध्ये कळली, त्यावर लोक चिडले ते बरोबरच होतं. ४०० मेडले ही रेसच मुळात डागाळलेली आहे, १९८०ला मॉस्कोत ती जिंकणाऱ्या पूर्व जर्मनीच्या पेट्रा श्नायडरनं पुढे स्वतःच डोपिंगची कबुली दिली, आणि १९९६ला अटलांटात जिंकणाऱ्या आयर्लंडच्या मिशेल स्मिथवर दोन वर्षांनी सँपलमध्ये ढवळाढवळ केल्याबद्दल बंदी आली. लंडनमध्ये जॉन लेनर्ड या अमेरिकन कोचनं ये शिवेनवर जाहीर शंका घेतली तेव्हा त्यानं पूर्व जर्मनीच्या स्विमर्सची आणि स्मिथचीच उदाहरणं दिली होती.

पण ही यादी परत वाचा. प्रत्येक ठिकाणी हातात काहीतरी होतं, सँपल, बाटली, नाहीतर स्वतःची कबुली. ये शिवेनच्या लंडनमधल्या विजयाविरुद्ध काय आहे? तिची तिथं टेस्ट झाली. टेस्ट पास झाली म्हणजे कायमची निर्दोष असं मी म्हणणार नाही, पुढे डोपिंगची कबुली देणारा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगही वर्षानुवर्षं पास होत होता. म्हणून तर लंडनची सँपल आठ वर्षं जपून ठेवली होती, नवीन पद्धतींनी परत तपासली गेली, वेटलिफ्टिंग आणि ॲथलेटिक्समधली कितीतरी मेडल्स त्यात परत गेली. ये शिवेनची लंडनमधली २०० आणि ४०० मेडलेची दोन्ही गोल्ड अजून तिच्याच नावावर आहेत. देशाचा इतिहास बघून टेस्टिंग कडक करा, चीनवर दुप्पट लक्ष ठेवा, माझी काही हरकत नाही, पण दुसऱ्यांच्या पापाचा पुरावा तिच्या नावावर लावता येत नाही.

आणि लंडनच्या त्याच पूलमध्ये, त्याच आठवड्यात, अमेरिकेची १५ वर्षांची केटी लेडेकी ८०० मीटर फ्रीस्टाइल चार सेकंदांच्या फरकानं जिंकली होती, मोठ्या इंटरनॅशनल स्पर्धेत पहिल्यांदाच उतरून. तिच्यावर असा मेसेज मी कधी पाहिलेला नाही, आणि तो येऊही नये. पण ये शिवेनचा फॉरवर्ड करणाऱ्यांनी एवढं सांगावं की पासपोर्ट सोडला तर त्या आठवड्यात या दोन मुलींमध्ये फरक काय होता.