१५ ते ८ ठिपके : एका आजोबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही प्रतिक्रियेची सुरुवात 'बाळ' अशी केलीत, म्हणून मीही काका म्हणते. तुमचं लिहिणं मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा ते लागलं, तिसऱ्यांदा वाचताना त्यातली नातीची काळजी दिसली.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही ३६ वर्षं सरकारी खात्यात इंजिनिअर होतात. नात बारावी सायन्सला आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात मी तीन वर्षं क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग, म्हणजे प्रोग्रॅमिंगमधून चित्रं, आवाज, हलत्या मांडण्या घडवणं, शिकले; त्यावरचा माझा लेख वाचून तिने घरात जाहीर केलं की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग नको, क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग शिकायचंय. तुमचं म्हणणं असं, की प्रोग्रॅमिंग यूट्यूबवर फुकट शिकता येतं, चित्रं काढायला डिग्री लागत नाही, आणि या दोन्हींची खिचडी करून परदेशी विद्यापीठं मध्यमवर्गीय आईबापांच्या शिलकीला हात घालतात. शिवाय चित्रं आता एआय काढतो. शेवटचं वाक्य : 'बाळ, तू मुलांची दिशाभूल करते आहेस.'

पैशांबद्दल तुमचं खरं आहे. त्या लेखात मी कॉलेजच्या, न्यू क्रॉस भागातल्या बसबद्दल लिहिलं, रात्री दोनपर्यंत उघड्या असणाऱ्या लॅबबद्दल लिहिलं, मैत्रिणींबद्दल लिहिलं. कर्जाबद्दल एक ओळ लिहिली नाही. आमचं सोलापूरचं घर तारण ठेवून ते शिक्षण झालं. बाबा निवृत्त झाले त्या महिन्यातही हप्ता गेला आणि आजही माझ्या पगारातला मोठा वाटा तिकडेच जातो. डिग्री हातात आल्यावर आठ महिने नोकरी नव्हती. एका कंपनीत मुलाखत घेणाऱ्यांनी डिग्रीचं नाव वाचून विचारलं, 'म्हणजे ग्राफिक डिझाइन का?' मी अर्धा तास समजावत बसले आणि नोकरी दुसऱ्याला गेली. हे सगळं त्या लेखात असायला हवं होतं. मी आजच तो लेख दुरुस्त करते आहे.

पण 'खिचडी' हा शब्द मला मान्य नाही. का, ते माझ्या पहिल्या सत्रातल्या एका कामावरून सांगते, कारण त्या कामाशिवाय मला ते नीट सांगता येणार नाही.

माझी आजी दिवाळीत दारात १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी काढायची. तुम्हाला माहीत असेलच : मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली १४, १३ असं कमी करत ८ पर्यंत, प्रत्येक ओळीतला ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण १६९ ठिपके होतात आणि त्यांचा आपोआप षट्कोन तयार होतो. आजीने हा आकडा कधी मोजला नव्हता. मलाही तो प्रोग्रॅम लिहिताना कळला.

आम्ही 'प्रोसेसिंग' नावाचं प्रोग्रॅमिंगचं साधन वापरायचो. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये असताना, चित्रकार-डिझायनरांना प्रोग्रॅमिंग करता यावं म्हणून ते सुरू केलं. त्यात ठिपके मांडायला दोन लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या ओळी, पुरतात. षट्कोनाच्या एका पाकळीत रेघ काढायची आणि तीच ६० अंशांनी सहा वेळा फिरवायची. कळ दाबली की नवी रांगोळी. दोन दिवसांत मी शेकड्यांनी रांगोळ्या काढल्या आणि मला वाटलं, काम झालं.

मग क्रिट आलं. गोल्डस्मिथ्स हे १८९१ साली सुरू झालेलं, आज लंडन विद्यापीठाचा भाग असलेलं कॉलेज. चित्रकलेसाठी त्याचं नाव आहे, आणि क्रिट ही तिथे संगणकाच्या वर्गातही आलेली कलाशाळांची जुनी पद्धत. काम सगळ्यांसमोर मांडायचं, आपण बाजूला उभं राहायचं आणि वर्ग त्यावर बोलणार. माझ्या रांगोळ्यांकडे बघून आधी कोणी काहीच बोललं नाही. मग बाईंनी विचारलं, 'आजी ही कशाने काढते?' मी म्हटलं, चिमटीने, पांढरी पूड सोडत. 'मग यात चिमूट कुठे संपते?'

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या पडद्यावरच्या रेघेला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, हात नव्हता.

त्या रात्री मी आईला फोन करून आजीच्या हाताचा व्हिडिओ मागवला. आजीला कळेना की रांगोळी सोडून हाताचं काय शूटिंग करता. तो व्हिडिओ मी हळू गतीने कितीदा पाहिला असेल. रेघ सुरू होताना जाड असते. पूड संपत आली की बारीक होत जाते. आणि चिमूट जवळजवळ नेहमी ठिपक्यावरच संपते. नव्या चिमटीचा छोटासा ढीग त्याच ठिपक्यावर पडतो आणि सांधा झाकला जातो. ठिपके केवळ मापासाठी असतात असं मला तोवर वाटायचं. आजीच्या हाताला ते थांबे होते.

हे प्रोग्रॅममध्ये आणायला गेले आणि खरं शिक्षण तिथे सुरू झालं. रेघेची जाडी कमी-जास्त करायला मी यादृच्छिक आकडे वापरले, तर रेघ खराब प्रिंटरसारखी तुटक थरथरली. माणसाचा हात असा थरथरत नाही. त्याचं पुढचं पाऊल आधीच्या पावलाला धरून असतं. यासाठी पर्लिन नॉइज नावाची पद्धत आहे. केन पर्लिन यांनी ती १९८३ मध्ये संगणकी चित्रांना निसर्गासारखा पोत देण्यासाठी शोधली आणि १९९७ मध्ये त्यांना त्याबद्दल ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक बाण ठेवायचा, आपल्या बिंदूपर्यंतच्या अंतराचा त्या बाणाशी डॉट प्रॉडक्ट (दोन सदिशांचा एक गुणाकार) घ्यायचा आणि मधल्या जागा गुळगुळीत वक्राने भरायच्या. काका, डॉट प्रॉडक्ट मी बारावीला पाठ केला होता, त्यात मार्कही चांगले होते. तो कशासाठी असतो, हे मला आजीच्या रेघेसाठी तो स्वतः लिहिताना कळलं.

यूट्यूबवर मी शिकलेच नाही असं नाही. आजही रोज शिकते. पण यूट्यूबच्या भरवशावर असते, तर दुसऱ्या दिवशी थांबले असते, कारण माझ्या दृष्टीने रांगोळी पूर्ण झाली होती. पुढचे पाच आठवडे कोणाच्या तरी एका प्रश्नामुळे घडले. त्या डिग्रीत मी पैसे कशाचे दिले असतील तर या प्रश्नांचे, आणि असे प्रश्न विचारायचा अधिकार असलेल्या माणसांसमोर तीन वर्षं उभं राहण्याचे.

दुसऱ्या वर्षी आवाजावर काम होतं. बाबांच्या मित्राचे सोलापुरात यंत्रमाग आहेत. बाबांनी तिथला आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. आवाजाच्या लाटेचे सेकंदाला ४४,१०० नमुने का घ्यायचे, तर माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि नमुने त्याच्या दुपटीहून जास्त लागतात, इथपासून सुरुवात. मग फूरिए रूपांतर, म्हणजे एका आवाजातले वेगवेगळे सूर सुटे करून दाखवणारं गणित. खटखट बाजूला काढली तेव्हा तिच्यामागे एक बारीक, सलग शिट्टी दिसली, आलेखावर सरळ रेषेसारखी. मी ती वेगळी करून त्या काकांना फोनवर ऐकवली. ते लगेच म्हणाले, 'ही बेअरिंगची. तेल कमी पडलं की येते.' ज्या गोष्टीला मला फूरिए लागला ती त्यांच्या कानाला ठाऊक होती. मला त्याची लाज वाटली नाही, उलट आपण बरोबर जागी पोचलो असं वाटलं.

मागाचा विषय निघाला आहे तर हेही सांगते. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. लहानपणी ते भोकांचे पुठ्ठे एकामागून एक फिरताना बघत मी उभी राहायचे. भोक असेल तर हूक ताण्याचा धागा उचलतो, नसेल तर धागा खाली राहतो; एका पुठ्ठ्यावर एक आडवा धागा. जोसेफ मारी जॅकार्डने लिऑनमध्ये हे यंत्र १८०४ च्या सुमारास उभं केलं. यांत्रिक संगणकाचा आराखडा करणाऱ्या इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने पुठ्ठ्यांची कल्पना तिथूनच उचलली. आणि १८४३ साली अ‍ॅडा लवलेस या इंग्लिश गणितज्ञ बाईने बॅबेजच्या यंत्रावरच्या टिपांमध्ये लिहिलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तशी हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. सुरांचे संबंध चिन्हांत मांडता आले तर ते संगीतही रचू शकेल, असंही तिने म्हटलं. संगणक प्रत्यक्ष बनायच्या शंभर वर्षं आधी. म्हणजे कला आणि गणित ही दोन ताटं मुळात वेगळी नव्हती. ती आपण अकरावीच्या प्रवेशाला वेगळी केली.

तुम्ही याला 'हल्लीचं फॅड' म्हणालात. १९६५ मध्ये जर्मनीत, श्टुटगार्टला, गेओर्ग नीस यांनी संगणकाने काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. १९६८ मध्ये लंडनला याच विषयाचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये वेरा मोल्नार या चित्रकार बाईंनी, वयाच्या ४४ व्या वर्षी, संगणकावर काम सुरू केलं. समोर पडदा नाही. प्रोग्रॅम द्यायचा आणि कागदावर काय उमटतं त्याची वाट बघायची. २०२३ मध्ये, शंभरी महिन्याभरावर आली असताना त्या गेल्या.

आणि आपल्याकडचं उदाहरण द्यायला मला लांब जावं लागत नाही. तुम्ही प्रतिक्रिया मराठीत टाइप केलीत. 'कि' लिहिताना आपण आधी क दाबतो, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी क च्या आधी येऊन बसते. 'मूर्ती' लिहिताना र आधी दाबतो आणि रफार 'ती'च्या डोक्यावर जातो. ही अदलाबदल यंत्राला कोणीतरी शिकवली आणि त्यासाठी अक्षरं कोणीतरी काढली. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फाँट वाचला तो र. कृ. जोशी यांचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, जाहिरातीच्या क्षेत्रात काम केलेले, सुलेखनकार, कवी, पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन विभागात, प्राध्यापक. बोरू आणि संगणक या दोन्हींची भाषा येणारा माणूस आपल्याला मिळाला म्हणून हे काम झालं. असं काम अजून खूप बाकी आहे, काका. मोडीचं आहे, बोलींच्या ध्वनिमुद्रणांचं आहे, जिल्ह्याजिल्ह्यातल्या संग्रहालयांचं आहे. मी आज पुण्यात एका लहान स्टुडिओत हेच करते : संग्रहालयातल्या दालनांत मुलांनी हात लावला की बोलणारी, हलणारी मांडणी.

एआयबद्दल थोडंच लिहिते. हॅरल्ड कोहेन हे ब्रिटिश चित्रकार, १९६६ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनचे प्रतिनिधी होते. सत्तरच्या दशकापासून २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते 'एरन' नावाचा एकच प्रोग्रॅम घडवत राहिले, त्याला चित्र काढायला शिकवत राहिले. यंत्र चित्र काढतं म्हणून त्यांचं काम संपलं नाही, वाढलं. आजच्या यंत्राला मी 'रांगोळी काढ' म्हटलं तर ते पहिल्या आठवड्यातल्या माझ्या रांगोळीपेक्षा देखणी काढून देईल. चिमूट कुठे संपते, हे त्याला कोणीतरी विचारावं लागेल. नोकऱ्यांवर मात्र याचा परिणाम होतो आहे, आमच्या क्षेत्रातही. त्याबाबत तुमची भीती मी खोडून काढणार नाही.

आता तुमच्या नातीबद्दल. तिला गणिताचा कंटाळा आहे म्हणून ती हा रस्ता बघत असेल तर तिला थांबवा. या शिक्षणात गणित जास्तच करावं लागतं आणि ते सगळ्यांसमोर चुकतं. घर तारण ठेवावं लागणार असेल तर मी आज, सगळं भोगून, आधी इथले रस्ते बघा असं सांगेन. पवईला आयडीसीत बी. डेस. ही डिझाइनची पदवी आहे, त्याची यूसीड ही प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते. किंवा इथे कॉम्प्युटर सायन्स करून, कमवून, मग पदव्युत्तरसाठी बाहेर जाता येतं. माझ्या वर्गातल्यांपेक्षा ही मुलं मागे पडतात असं मला कामात कधी दिसलं नाही.

पण ठरवण्याआधी तिला एक महिना द्या. पी५ नावाचं प्रोसेसिंगचं भावंड आहे, जावास्क्रिप्टमधलं. ब्राउझरमध्येच चालतं, काही विकत घ्यावं लागत नाही. तिला १६९ ठिपके मांडायला सांगा. अडली तर षट्कोनाचं गणित तुम्हीच समजावून द्या, तुम्हाला ते माझ्याहून चांगलं येत असणार.

तुमच्या घरी रांगोळी कोण काढतं हे तुम्ही लिहिलं नाहीत. काकू काढत असतील तर नातीला त्यांच्या हाताचा व्हिडिओ काढायला सांगा, चिमूट संपेपर्यंतचा. आणि तिचा प्रोग्रॅम झाला की तो व्हिडिओ आणि प्रोग्रॅम दोन्ही मला पाठवा. मी बघून, जे वाटेल ते स्पष्ट लिहीन.