ऑल्वेज पाच वर्षं झोपले नव्हते

टोरांटोच्या ऑल्वेज या इंडी पॉप बँडबद्दल एक मजकूर कितीतरी वेळा पुढे पाठवला गेला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बँड एका गाण्यावर रातोरात वर आला. गायिका नावाजलेल्या संगीत घराण्यातली, त्यात कॅनडात सरकार पैसे देतं आणि रेडिओवर कोटा असतो, म्हणून सगळं सोपं गेलं. पुढे दुसऱ्या अल्बमनंतर त्यांनी आळसात पाच वर्षं घालवली, तोवर श्रोते पांगले. शेवटी नव्या बँडना सल्ला: दर महिन्याला एक गाणं काढा, नाहीतर तुमचंही हेच होईल. हा सल्ला ऐकून कुणी आपली अर्धवट गाणी घाईघाईने बाहेर काढत असेल तर त्याचं खरंच नुकसान होतंय. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"रातोरात." ते एक गाणं म्हणजे 'आर्ची, मॅरी मी'. ते 2013 मध्ये आलं आणि ज्या अल्बममध्ये ते आहे तो जुलै 2014 मध्ये. बँड त्याआधीच, 2011 मध्ये उभा राहिला होता. त्याच्याही आधी, 2010 मध्ये, गायिका मॉली रँकिनने स्वतःच्या नावाने एक ईपी (मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम) काढला होता. गिटारवादक अ‍ॅलेक ओ'हॅनली प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या टू अवर्स ट्रॅफिक या बँडमध्ये वाजवायचा आणि त्या बँडचा 2007 चा अल्बम पोलारिस या कॅनडातल्या सर्वोत्तम अल्बमला मिळणाऱ्या पुरस्काराच्या अंतिम यादीत गेला होता. म्हणजे जगाला हे लोक माहीत झाले तोवर त्यांची बरीच वर्षं स्टेजवर आणि गाडीत गेली होती.

पहिला अल्बम टोरांटोत झालाच नाही. तो 2013 मध्ये कॅलगरीला, चॅड व्हॅनगालेन या संगीतकाराच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांची जुळणी, ग्रॅहॅम वॉल्श आणि जॉन अ‍ॅग्नेलो यांनी केलं. त्यानंतरचं काम बाहेरून दिसत नाही, पण वेळ सगळ्यात जास्त तेच खातं. कॅनडासाठी रॉयल माउंटन, अमेरिकेसाठी पॉलिव्हायनल आणि ब्रिटनसाठी ट्रान्सग्रेसिव्ह अशी तीन लेबलं, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपन्या, ठरली. प्रत्येकाचं वितरण वेगळं, रेडिओला गाणी पाठवणारी माणसं वेगळी, समीक्षकांची यादी वेगळी. तारीख मात्र जुळवावी लागते, कारण एका देशात आधी आलेला अल्बम दुसऱ्या देशात शिळा होतो. विनाइल छापायचं असेल तर प्रेसिंग प्लांटच्या रांगेत महिने जातात. ऑगस्ट 2014 मध्ये हा अल्बम अमेरिकेच्या कॉलेज रेडिओच्या (विद्यार्थ्यांनी चालवलेल्या स्टेशनांच्या) यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, तो या सगळ्या जुळवाजुळवीनंतर.

"घराण्याचा वशिला." मॉलीचे वडील जॉन मॉरिस रँकिन हे केप ब्रेटन बेटावरच्या रँकिन फॅमिली या बँडमधले फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन), आणि 1990 च्या दशकात हे नाव कॅनडात घराघरांत होतं. इथवर खरं आहे. पण जॉन मॉरिस जानेवारी 2000 मध्ये अपघातात गेले, तेव्हा मॉली शाळेत होती. रँकिन फॅमिलीचं संगीत केल्टिक लोकसंगीतावर उभं होतं आणि त्यांचे श्रोते फिडल ऐकायला येणारे. गिटारच्या गोंगाटात बुडालेला आवाज ऐकायला टोरांटोच्या छोट्या क्लबात येणारी गर्दी वेगळी, तिला जमवणारे आयोजक वेगळे आणि लेबलंही वेगळी. घरातून मॉलीला मिळाला तो सुरांचा कान. कीबोर्डवरची केरी मॅकलेलन ही लहानपणची शेजारीण, तीही तिथूनच मिळाली. यातलं काहीच शिफारसपत्रासारखं चालत नाही.

"सरकारी पैसा आणि कोटा." कॅनडात व्यावसायिक संगीत-रेडिओवर लोकप्रिय संगीताची 35 टक्के गाणी कॅनडाची असावी लागतात. ती अट पुरी करायला देशभरातून असंख्य गाणी हाताशी असतात, आणि त्यातलं कुठलं वाजवायचं ते स्टेशन ठरवतं. शिवाय हा नियम देशाच्या सीमेवर संपतो. अमेरिकेच्या कॉलेज स्टेशनांवर कॅनडासाठी राखीव जागा नसते, आणि बँड वर चढला तो तिथल्याच यादीत. फॅक्टर ही संस्था 1982 पासून अल्बम, दौरे आणि प्रसिद्धीसाठी मदत देते. तिच्याकडचा पैसा काही सरकारचा, काही खासगी रेडिओ कंपन्यांचा. अर्ज करावा लागतो, अंदाजपत्रक आणि खर्चाच्या पावत्या द्याव्या लागतात, आणि खर्चाचा काही वाटा स्वतः किंवा लेबलने उचलावा लागतो. ही व्यवस्था चांगली आहे, तिचा हेवा वाटावा इतकी. पण ती सगळ्याच बँडना खुली आहे, त्यामुळे हाच बँड का पुढे गेला याचं उत्तर तिच्यात सापडत नाही.

आता मुख्य आरोप. दुसरा अल्बम 'अँटिसोशलाइट्स' 8 सप्टेंबर 2017 ला आला, तिसरा 'ब्लू रेव्ह' 7 ऑक्टोबर 2022 ला. मधे पाच वर्षं आणि एक महिना. हे अंतर खरं आहे, आळस खोटा आहे.

दुसरा अल्बम येताच दौरे लागले आणि त्यांत पुढची गाणीही सुचायला लागली. बँडने स्वतः सांगितलेला क्रम असा: कुणीतरी मॉलीच्या घरात शिरून डेमोंनी, म्हणजे गाण्यांच्या कच्च्या रेकॉर्डिंगनी, भरलेला रेकॉर्डर उचलून नेला. दुसऱ्याच दिवशी तळघरात पाणी भरलं आणि बँडचं जवळजवळ सगळं सामान वाया जाता जाता राहिलं.

डेमो चोरीला गेले तर नुसतं "गाणं पुन्हा आठव" म्हणून भागत नाही. शब्द आणि चाल आठवते. पण कुठल्या स्ट्रिंगवर कॉर्ड धरला होता, लय नेमकी किती होती, गुणगुणताना चुकून लागलेला आणि म्हणूनच आवडलेला सूर कोणता, हे त्या फाइलमध्येच असतं. लिहिणाऱ्याने दुसरी प्रत ठेवावी हे बरोबरच, पण हातात रेकॉर्डर धरून चालीचे तुकडे जमवताना ती ठेवली जात नाही. पाण्याचंही तसंच. अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कोन कागदाचा असतो, तो भिजला की फाटतो. भुशाच्या पाट्यांचं कॅबिनेट फुगतं. नॉब गंजून खरखर करायला लागतात. आणि ओला अ‍ॅम्प पूर्ण वाळण्याआधी चालू केला तर ट्रान्सफॉर्मरसकट जळू शकतो. थोडक्यात वाचलेलं सामानसुद्धा वाळवून, उघडून, एकेक तपासावं लागतं.

त्यात ताल सांभाळणारी जोडी बदलली. ड्रमवर शेरिडन रायली आणि बेसवर अ‍ॅबी ब्लॅकवेल, दोघंही अमेरिकन. कॅनडा आणि अमेरिकेची जमिनीवरची हद्द बिनगरजेच्या प्रवासासाठी मार्च 2020 मध्ये बंद झाली. लस घेतलेल्या अमेरिकनांना कॅनडाने दार उघडलं ते 9 ऑगस्ट 2021 ला. बँडचे तिघं एका बाजूला, ताल दुसऱ्या बाजूला, आणि एकत्र तालमी महिनोन्‌महिने अशक्य.

"मग ऑनलाइन तालीम करायची" हेही त्याच मजकुराखाली हमखास वाचायला मिळतं. हिशेब करून बघा. टोरांटो ते अमेरिकेचा पश्चिम किनारा, उदाहरणार्थ सिअ‍ॅटल, सरळ रेषेत सुमारे 3,300 किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूलाच 16 ते 17 मिलिसेकंद गेले. केबल सरळ रेषेत जात नाही. त्यावर राउटर, ऑडिओ इंटरफेस आणि बफर यांचा वेळ चढतो. साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांच्या पुढे वादक एकमेकांची वाट बघायला लागतात आणि लय हळूहळू खाली घसरते. ऑल्वेजची बरीच गाणी वेगवान, ड्रम आणि बेस एकमेकांना चिकटून चालणारी. असं संगीत लांबून बसवता येत नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये ते लॉस एंजेलिसला निर्माते शॉन एव्हरेट यांच्याबरोबर बसले. नेहमीप्रमाणे सगळी आखणी आणि डेमो घेऊनच ते आले होते. एव्हरेटनी ती आखणी बाजूला ठेवून नुसतं वाजवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बँडने अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाजवला: दोन गाण्यांमध्ये 15 सेकंद, दोन फेऱ्यांमध्ये 30 मिनिटं. अल्बममध्ये 14 गाणी, एकूण 40 मिनिटांच्या आत. म्हणजे एक फेरी साधारण पाऊण तासाची आणि दोन्ही मिळून सुमारे दोन तास. त्या दोन तासांवर पुढे भर घालणं, आवाज मुद्दाम खरखरीत करणं आणि मिक्सिंग यांत कितीतरी वेळ गेला. गाणी बोटांत पूर्ण मुरलेली नसतील तर 15 सेकंदांत पुढच्या गाण्याच्या लयीत शिरता येत नाही. "आळसाच्या" वर्षांत काय चाललं होतं ते इथे ऐकू येतं.

"श्रोते पांगले." 'ब्लू रेव्ह'ला 2023 चा जूनो हा कॅनडाचा संगीत पुरस्कार मिळाला, ऑल्टरनेटिव्ह अल्बम विभागात. 2018 मध्ये 'अँटिसोशलाइट्स'लाही याच विभागात मिळाला होता. 'बेलिंडा सेज' हे गाणं 2024 च्या ग्रॅमीत सर्वोत्तम ऑल्टरनेटिव्ह सादरीकरणाच्या नामांकनांत होतं. तो पुरस्कार पॅरामोर या बँडला गेला. पोलारिसच्या अंतिम यादीत 2015, 2018 आणि 2023 असे तिन्ही अल्बम पोचले.

राहिला तो महिन्याला एक गाणं काढण्याचा सल्ला. त्यासाठी दर महिन्याला मिक्स, मास्टर (शेवटचा हात फिरवलेली प्रत), मुखपृष्ठ आणि वितरकाकडे नोंद लागते, आणि गाणं स्पॉटिफायच्या संपादकांपुढे मांडायचं तर किमान सात दिवस आधी अपलोड करावं लागतं. घरी बसून लॅपटॉपवर गाणी करणाऱ्या एकट्या कलाकाराला हे जमू शकतं आणि त्याने जरूर करावं. पाच जणांचा बँड दौऱ्यावर असताना, ताल सीमेपलीकडे अडकलेला असताना हे करायला गेला असता तर बाहेर आले असते ते डेमोच. ज्याला दर महिन्याचा मार्ग पटतो त्याने तो स्वतःच्या कामाच्या जोरावर मांडावा, त्यात ऑल्वेजला ओढू नये.