आधी काय उडवायचंय ते ठरवा, मग हॉटास

फ्लाइट सिम्युलेटरच्या (कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या) सामानावरच्या या लेखात सरसकट सगळ्यांना हॉटास, म्हणजे स्टिक आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा लिव्हर) असा जोडसंच, घ्या म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये एफ-१६ उडवणार असाल तर ठीक, तिथे स्टिक आणि थ्रॉटलवरून हात न काढता सगळी बटणं हाताशी लागतात, पण मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये एअरबसचं ए३२० हे प्रवासी विमान चालवतो आणि त्यात कॅप्टन डावीकडे बसतो म्हणजे साइडस्टिक डाव्या हातात अन् थ्रस्ट लिव्हर उजव्या हातात, आणि बऱ्याच हॉटासच्या स्टिक फक्त उजव्या हातासाठी बनवलेल्या असतात! थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम दोन्ही हातांनी चालते, एअरबसवाली टीसीए पण, आणि तिच्या क्वाड्रंटला (थ्रस्ट लिव्हरच्या डब्याला) आयडल, क्लाइम्ब, टोगा (टेकऑफची पूर्ण ताकद) असे खटके आहेत, लिव्हर बरोबर तिथे अडकते, बघायला लागत नाही.

दुसरं म्हणजे स्टिक किती हलली ते मोजणारा सेन्सर. माझी पहिली स्टिक (नाव नको) पोटेन्शिओमीटरवाली (आत घासून मोजणारा सेन्सर) होती, दीड वर्षात विमान आपोआप डावीकडे कलायला लागलं, मी डेडझोन (स्टिकच्या मधल्या जागेतली हालचाल न मोजणारा भाग) वाढवत बसलो तर लँडिंगला बारीक करेक्शनच लागू पडेना. हॉल सेन्सरमध्ये घासणारं काही नसतं, चुंबकावर चालतं, त्यामुळे हा त्रास जवळजवळ नाहीच. बजेट कमी असेल तर पैसे स्टिकवर घाला, थ्रॉटल नंतर घेता येतो, सुरुवातीला स्टिकच्या बुडाशी असलेला स्लायडर पुरतो. आणि हो, स्टिक ट्विस्ट होते ना (पिळून रडर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं पातं, चालवता येतं) ते बघून घ्या, नाहीतर पायाने चालवायच्या रडर पेडलचा खर्च वेगळा, आणि तो ऐकून घरचे काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा 😄