पायऱ्यांच्या प्रांतात

फ्रेंच बोलणाऱ्या शहरांविषयी माझी जी काही कल्पना होती, ती मुख्यतः बसण्याशी निगडित होती. पदपथावर मांडलेली लहान गोल टेबले, वेताच्या खुर्च्या, समोर कॉफीचा कप आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे निवांतपणे पाहत बसलेली माणसे. त्यामुळे मे महिन्याच्या लाँग वीकेंडला कॅनडातल्या क्युबेक प्रांतातली मॉन्ट्रियल आणि क्युबेक सिटी ही दोन शहरे पाहून येऊ या, असे बायकोने सुचवले तेव्हा मी नेहमीची खळखळ न करता होकार दिला. एवढ्या सहजासहजी मिळालेल्या होकाराचा तिला संशय आला असावा, कारण तिने चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहून घेतले आणि मग प्रवासाची वही मिटून पर्समध्ये ठेवली. त्या वहीतली यादी मला दाखवण्यात आली नाही.

ही पुण्याची, पर्वतीच्या पायथ्याशी वाढलेली. लग्नाआधी कित्येक वर्षे रोज पहाटे पर्वती चढून-उतरून आल्यावरच हिच्या घरी चहा मिळत असे. त्यामुळे जी जागा चढून जावी लागत नाही ती पाहण्याच्या लायकीची नसते, असे तिचे ठाम मत आहे. मी डोंबिवलीचा. आमच्याकडे जिना चढतात तो स्टेशनच्या पुलाचा, आणि तोही पलीकडच्या फलाटावर लोकल लागलेली असेल तरच. आता पन्नाशी उलटल्यावर माझ्या गुडघ्यांनी पुलाविषयीही नाराजी दाखवायला सुरुवात केली आहे आणि डॉक्टर तिला ‘वयोमानानुसार’ या एकाच शब्दात वाटेला लावतात.

हा लाँग वीकेंडही मोठा मजेशीर आहे. २५ मेच्या आधीच्या सोमवारी आम्ही आता राहतो त्या ऑन्टारियो प्रांतात व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाची सुट्टी असते. त्याच सोमवारी शेजारच्या क्युबेक प्रांतात, १८३७-३८ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या देशभक्तांचा दिवस २००३ पासून पाळला जातो. म्हणजे शनिवारी पहाटे टोरोंटोजवळच्या आमच्या मिसिसागातून गाडी काढली तेव्हा आम्ही राणीच्या बाजूचे होतो आणि प्रांताची हद्द ओलांडताच बंडखोरांना जाऊन मिळालो. मधल्या ४०१ क्रमांकाच्या महामार्गाविषयी न बोललेले बरे. मॉन्ट्रियलपर्यंतचे सुमारे साडेपाचशे किलोमीटर आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी यांच्या आधारावर काढले.

मॉन्ट्रियलमध्ये आमची पहिली भेट झाली ती जिन्याशीच. आम्ही राहण्यासाठी घेतलेली खोली शहराच्या ज्या जुन्या भागात होती, तिथल्या दोन-तीन मजली घरांचे जिने घराच्या आत नसून बाहेर, थेट पदपथावर उतरणारे असतात. लोखंडी, अरुंद आणि बरेचसे गोल फिरत वर जाणारे. घरे रस्त्यापासून थोडी मागे बांधावीत, पुढे जरा हिरवळ असावी, असा दंडक पूर्वी तिथे होता. मग त्या मोकळ्या पट्ट्यातच जिना काढला, म्हणजे आतली जागा वाचते आणि जिन्याची जागा गरम ठेवण्याचा खर्चही वाचतो, हा हिशेब घरमालकांनी केला. हिवाळ्यात त्यावर बर्फ गोठून माणसे घसरू लागल्यावर असे नवे जिने बांधायला नगरपालिकेने १९४० च्या दशकात बंदी घातली. पण तोवर हे जिने शहराचा अलंकार ठरले होते आणि पुढे ती बंदी उठली. अलंकार म्हणून ते फार देखणे आहेत, यात शंका नाही. हातात बायकोची बॅग घेऊन तो अलंकार तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना मात्र मला त्या बंदीमागची दूरदृष्टी पटत गेली. “अहो, कठड्याची नक्षी पाहा किती सुंदर आहे,” असे वरून सांगण्यात आले. मी कठडा पाहतच होतो. दुसरे काही धरायला नव्हते.

सामान टाकून आम्ही सेंट जोसेफ ऑरेटरी या प्रचंड चर्चकडे गेलो. डोंगराच्या उतारावर उभ्या असलेल्या या चर्चच्या पायऱ्या २८३ आहेत आणि त्यांतल्या मधल्या रांगेच्या ९९ लाकडी पायऱ्या गुडघ्यांवर चढणाऱ्या भाविकांसाठी राखून ठेवल्या आहेत. तिथे तशी पाटीच आहे. मी ती पाटी वाचून मनातल्या मनात देवाचे आभार मानले, कारण बायकोच्या यादीत निदान तो प्रकार नव्हता. हे देवस्थान ज्यांच्यामुळे उभे राहिले ते ब्रदर आंद्रे जवळपास चाळीस वर्षे समोरच्या शाळेत द्वारपाल होते. त्यांच्या प्रार्थनेने आजारी माणसे बरी होतात, अशी लोकांची श्रद्धा होती आणि बरे झालेल्यांनी सोडून दिलेल्या कुबड्यांच्या रांगा आजही तिथे भिंतीवर टांगलेल्या दिसतात. ‘बघा, लोक कुबड्या टाकून चालत गेले,’ असे ही मला म्हणाली. माझे म्हणणे एवढेच होते की ते गेले ते खालच्या दिशेने गेले. तेवढ्यात इमारतीच्या आत वर जाणारे सरकते जिने मला दिसले, आणि ब्रदर आंद्रेंना २०१० मध्ये संतपद दिले गेले ते अगदी योग्यच झाले, अशी माझी खात्री पटली.

त्याच डोंगराचा, म्हणजे माउंट रॉयलचा, माथा गाठायचा बेत संध्याकाळचा होता. या डोंगराची उंची अवघी २३३ मीटर, पण शहराला तिचा इतका मान की त्याहून उंच इमारत बांधायला परवानगी नाही. डोंगरावरचे उद्यान १८७६ मध्ये खुले झाले. त्याची आखणी करणाऱ्या फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड या थोर गृहस्थाने चढ जाणवू नये, म्हणून झाडीतून वळणे घेत हळूहळू वर जाणारा, घोडागाडीला सोसेल असा रस्ता काढून ठेवला होता. थोर अशासाठी म्हणतो की, त्याने माझ्यासारख्या माणसाचा विचार दीडशे वर्षांपूर्वी केला. पण नंतरच्या कुणीतरी त्या रस्त्याला छेद देणाऱ्या लाकडी पायऱ्या बांधल्या, आणि बायकोला पायऱ्या पन्नास पावलांवरून दिसतात. वरून दिसणारे शहर, त्यापलीकडची सेंट लॉरेन्स नदी आणि नदीवरचे पूल हे सगळे अप्रतिम होते, असे मी फोटो पाहून सांगू शकतो. प्रत्यक्ष तिथे असताना मी बाकावर बसून श्वास घेत होतो.

या प्रवासासाठी बायको मोबाइलवरच्या एका ॲपवर कित्येक महिने फ्रेंच शिकत होती. भाजी परततानाही आमच्या स्वयंपाकघरात अनुनासिक उच्चार चालत. मॉन्ट्रियलमध्ये दुकानात शिरले की ‘बोंजूर, हाय’ असे जोडस्वागत होते आणि गिऱ्हाईक ज्या भाषेत उत्तर देईल त्या भाषेत पुढचा व्यवहार चालतो. यातल्या ‘हाय’ने तिथल्या राजकारण्यांची झोप उडवली आणि २०१७ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने, दुकानदारांनी नुसते ‘बोंजूर’ म्हणावे असा ठराव एकमताने केला. दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी कायदा, दंड आणि कोर्टकचेरी असा सगळा प्रवास पाहिलेल्या माणसाला हा ठराव ऐकून भरून येते. ही प्रत्येक ठिकाणी नेमाने फ्रेंचमध्ये सुरुवात करी, समोरचा सौजन्याने हसे आणि इंग्रजीत उत्तर देई. बेगल या मधे भोक असलेल्या गोल पावाच्या दुकानात असे झाले आणि पूतिनच्या दुकानातही झाले. बेगल मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात, ते गरम खाल्ल्यावर तिचा राग थोडा निवला. पूतिन म्हणजे तळलेल्या बटाट्यांवर ताज्या चीजचे गोळे आणि वरून गरम रस्सा. हा रस्सा बहुधा मांसाच्या अर्काचा असतो, म्हणून शाकाहारी रस्सा आहे का, हे तिने फ्रेंचमध्ये विचारले. ‘येस, मॅडम,’ असे उत्तर आले. त्या दिवशी माझ्याशीही ती बराच वेळ इंग्रजीत बोलत होती.

क्युबेक सिटी तिथून अडीचशे किलोमीटरवर. सॅम्युअल द शाँप्लेनने १६०८ मध्ये वसवलेले हे शहर कड्याच्या वर आणि कड्याच्या खाली अशा दोन थरांत राहते. वरच्या शहराला तटबंदी आहे, आणि मेक्सिकोच्या उत्तरेकडे एवढी शाबूत तटबंदी दुसऱ्या कोणत्याही शहराला नाही. या दोन थरांना जोडणारे तीसेक जिने आहेत. त्यांतल्या सर्वांत जुन्या, ५९ पायऱ्यांच्या जिन्याला स्थानिक लोक मानमोड्या जिना म्हणतात, यावरून त्याची कल्पना यावी. त्याच्या शेजारीच कड्यावरून वर-खाली करणारी छोटी रेल्वे १८७९ पासून प्रवाशांची ने-आण करते. मी खिशातून पाकीट काढले. “ती म्हाताऱ्या माणसांसाठी आहे,” असे ही म्हणाली, आणि नंतर “तुम्हाला बसायचे असेल तर बसा” असे जोडले. या दोन वाक्यांनंतर जगातला कोणता नवरा त्या रेल्वेत बसेल?

वर पोचल्यावर शातो फ्राँतेनाक या किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या हॉटेलासमोर लाकडी फळ्यांचा रुंद सज्जा आहे. तिथे बाके आहेत, वाद्ये वाजवणारे कलावंत आहेत, खाली नदी आहे. माझ्या मूळ कल्पनेतले फ्रेंच शहर मला तिथे पहिल्यांदा भेटले आणि पाचच मिनिटांत सुटले, कारण सज्जाच्या टोकापासून कड्याला धरून ३१० पायऱ्यांची एक वाट अब्राहमच्या मैदानाकडे जाते. हे मैदान इतिहासप्रसिद्ध आहे. १३ सप्टेंबर १७५९ च्या पहाटे इंग्रज सेनापती वुल्फची माणसे अंधारात कडा चढून इथे आली आणि अर्ध्या तासाच्या आत फ्रेंचांचा पराभव झाला. मराठी माणसाला हे ऐकून सिंहगड आठवल्याशिवाय राहत नाही. “पाहा, बंदुका घेऊन चढली ती माणसे,” ही म्हणाली. वुल्फ त्याच मैदानावर त्याच दिवशी मरण पावला, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले. “तो गोळी लागून,” असे उत्तर मिळाले.

सोमवारी परतीच्या आधी यादीतले शेवटचे स्थळ होते मॉन्टमोरन्सी धबधबा. हा ८३ मीटर उंच, म्हणजे नायगारापेक्षा तीसेक मीटरने जास्त. गाडी आम्ही पायथ्याशी लावली. वर जायला केबल कार आहे, परंतु सगळ्या प्रांताने बंडखोरांच्या स्मरणार्थ त्याच केबल कारपुढे रांग लावली होती. धबधब्याच्या दुसऱ्या बाजूला कड्यावर ४८७ पायऱ्यांचा लाकडी जिना आहे. “तिथे अजिबात रांग नाही,” ही आनंदाने म्हणाली. रांग का नाही, हा प्रश्न तिला पडला नाही. आतापर्यंतच्या पायऱ्यांची बेरीज ज्याला करायची असेल त्याने करावी, मी ती पायांनी केलेली आहे.

मेमध्ये बर्फ वितळल्यामुळे धबधबा पूर्ण जोरात असतो आणि त्याचे थंडगार तुषार जिन्यावर येतात. त्यामुळे आतून घाम आणि बाहेरून पाणी, असे दोन्हीकडून भिजण्याचे सुख मिळते. मधल्या एका टप्प्यावर थांबण्याची जागा होती आणि तिथे निरनिराळ्या देशांचे नवरे कठड्याला टेकून उभे होते. एक ब्रॅम्प्टनचे सरदारजी होते, एक चिनी गृहस्थ होते आणि एक स्थानिक फ्रेंच आजोबा होते. कुणाला कुणाची भाषा फारशी येत नव्हती आणि तशी गरजही नव्हती. आजोबांनी वर बोट दाखवून खांदे उडवले, सरदारजींनी मान हलवली, मी गुडघ्यावर हात ठेवला. इतका परिपूर्ण संवाद त्या प्रवासात माझा दुसऱ्या कुणाशी झाला नाही. आमच्या सगळ्यांच्या बायका पुढे गेलेल्या होत्या.

धापा टाकत वर पोचलो तेव्हा ही त्या आजोबांच्या पत्नीशी बोलत बसली होती. फ्रेंचमध्ये. आजींना इंग्रजीचा गंध नव्हता, त्यामुळे पळवाट नव्हती, आणि ही हातवारे करत, अडखळत, पण न थांबता बोलत होती. महिन्यामहिन्यांच्या तपश्चर्येला फळ आल्याचे तेज तिच्या चेहऱ्यावर होते. मधूनमधून दोघी माझ्या पायांकडे पाहत होत्या. मग आजी काहीतरी म्हणाल्या आणि दोघी खळखळून हसल्या. नुकतेच येऊन पोचलेले आजोबाही हसले. निरोप घेऊन आम्ही धबधब्याच्या माथ्यावरचा झुलता पूल ओलांडला आणि केबल कारच्या वरच्या स्थानकापाशी आलो. तिथली रांग खालच्या रांगेपेक्षा लांब होती.

“आजी काय म्हणत होत्या?” मी विचारले.

“फार चांगल्या आहेत हो स्वभावाने,” ही पर्समध्ये वही ठेवत आल्या वाटेने वळली. “म्हणत होत्या, चढताना काहीच वाटत नाही. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते.”