जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसं

2 ऑगस्ट 1944 च्या रात्री आउशवित्झ-बिर्केनाऊ या नाझी मृत्युछावणीतला रोमा आणि सिंती कुटुंबांचा विभाग रिकामा करण्यात आला. रोमा आणि सिंती म्हणजे 'जिप्सी' म्हणून हिणवले गेलेले युरोपातले समाज. साधारण 4,300 माणसं गॅस चेंबरमध्ये मारली. बहुतेक बायका, पोरं, म्हातारी. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या रोमा-सिंतींचा एकूण आकडा 2 ते 5 लाखांच्या दरम्यान सांगितला जातो. आपल्याकडे हिटलरचा विषय निघाला तरी यांचं नाव क्वचितच निघतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ती यामागची दप्तरं. हिटलर सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी, 1899 मध्येच, म्युनिक पोलिसांनी 'जिप्सीं'च्या नोंदी ठेवायला वेगळं कार्यालय काढलं. 1905 मध्ये हजारो नावांचं पुस्तकच छापलं. आपल्याकडे अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा ज्यांच्या घरादारावरून गेला, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नाझींच्या हाती हा सगळा ऐवज आयता पडला. मग रॉबर्ट रिटर नावाच्या डॉक्टरच्या पथकानं वस्त्यावस्त्यांतून लोकांच्या डोक्यांची मापं घेतली, वंशावळी काढल्या.

याच पथकात एव्हा युस्टिन होती. मुल्फिंगेन गावच्या एका कॅथलिक बालगृहातल्या सिंती मुलांवर तिनं प्रबंध लिहिला. मुलांचे आईबाप आधीच छावण्यांत धाडलेले. मुलं खेळताना, काम करताना तिनं निरखली, त्यांचं चित्रीकरण केलं, आणि ही मुलं सुधारणार नाहीत, यांची नसबंदीच करावी, असा निष्कर्ष काढून डॉक्टरेट मिळवली. प्रबंध होईस्तोवर मुलांना तिथं राहू दिलं होतं. मे 1944 मध्ये त्यांतल्या 39 जणांना आउशवित्झला नेलं. चारच जगली.

युद्धानंतर रिटर आणि युस्टिन दोघांनाही फ्रँकफर्टच्या आरोग्य खात्यात नोकरी मिळाली. तिची चौकशी सुरू झाली आणि गुंडाळलीही गेली. लहान पोरांच्या बाबतीत हे करून ही बाई सरकारी पगारावर जगली, हे वाचताना संताप होतो.

पण त्याहून राग येतो तो न्यायाधीशांचा. 1956 मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की 1940 मध्ये या लोकांना पोलंडला हाकललं ते वंशद्वेषातून नव्हे, तर गुन्हेगारीला आळा घालायला. म्हणजे त्याबद्दल भरपाई नाही. छावणीतून वाचून आलेल्या माणसाला लोकशाहीतलं न्यायालय पोलिसांच्या जुन्या दप्तराचीच भाषा ऐकवत होतं! 1963 मध्ये ही भूमिका थोडी बदलली, तीही अर्धवटच.

1980 च्या ईस्टरला दाखाऊच्या छावणीच्या जागी काही सिंती उपोषणाला बसले. त्यांत छावण्या भोगलेले म्हातारेही होते. पोलिसांकडच्या त्या जुन्या नोंदी कुठे आहेत, हे त्यांना हवं होतं. दोन वर्षांनी चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी हा वंशसंहार होता असं मान्य केलं. तोवर भरपाईचे अर्ज करून थकलेले कितीतरी जण मरून गेले होते.