हिलरीवर अन्याय झाला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार, टोमण्यांसकट. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 2008 मध्ये डेमोक्रॅट पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या लढतीत हिलरी क्लिंटनला ओबामापेक्षा जास्त मतं पडली, फ्लोरिडा आणि मिशिगनची मतं पक्षाने अर्धी केली, सुपरडेलिगेट मंडळींनी (म्हणजे मतदारांनी न निवडलेले, आपल्या मर्जीने मत देणारे पक्षाचे नेते) उरलंसुरलं उरकलं, आणि मी मात्र "नियमाने झालं" म्हणून हात झटकले.

आधी ते "जास्त मतं" प्रकरण. हा आकडा मिशिगन धरलं तरच जमतो, आणि तेसुद्धा तिथे ओबामाला शून्य मतं आहेत असं मानून! पक्षाने आधीच बजावलं होतं की ठरलेल्या तारखेआधी मतदान घेतलंत तर तुमचे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे राज्याचे प्रतिनिधी) मोजणार नाही, तरी मिशिगनने 15 जानेवारी ठरवलीच, म्हणून ओबामा आणि तिसरा उमेदवार एडवर्ड्स यांनी बॅलटवरून नावं काढली, हिलरीने ठेवलं. तिला 55 टक्के, आणि 40 टक्के लोकांनी चक्क "अनकमिटेड"वर, म्हणजे "कुणालाच बांधील नाही" या पर्यायावर मत दिलं. आता त्या 40 टक्क्यांना ओबामा नको होता असं म्हणायचं का?

डेलिगेट न मोजण्याच्या या शिक्षेला मान्यता कुणी दिली तेही बघा ना. पक्षाच्या नियम समितीत हिलरीचे सल्लागार हॅरल्ड इकीज स्वतः होते आणि त्यांनी डेलिगेट काढून घ्यायच्या बाजूने मत दिलं होतं. तेव्हा हिलरीच जिंकणार असं सगळे धरून चालले होते. नंतर गणित फिरलं आणि मग मतदारांचा कळवळा आला. फ्लोरिडाचं जरा वेगळं आहे, तिथे नावं सगळ्यांची होती, तारीख ठरवणारी विधानसभा रिपब्लिकनांच्या ताब्यात होती (डेमोक्रॅट आमदारांनीही त्या बिलाला मत दिलंच म्हणा), पण प्रचार कुणीच केला नव्हता, आणि प्रचाराशिवायच्या मतदानात ओळखीचं नाव पुढे जाणार हे उघड आहे.

सुपरडेलिगेटांचं तर उलटंच आहे. सुरुवातीला ज्यांनी बाजू जाहीर केली त्यातले बहुतेक हिलरीकडेच होते. मतदानातून आलेल्या डेलिगेटांत ओबामा शंभराहून जास्तने पुढे होता, म्हणजे वरच्या मंडळींनी निकाल फिरवला असता तर तो हिलरीसाठी फिरवला असता.

मला खरा वैताग येतो तो वाटपाच्या गणिताचा, आणि त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. डेमोक्रॅट पक्ष मतांच्या प्रमाणात डेलिगेट देतो, पण त्यातले बहुतेक मतदारसंघवार. मतदारसंघात चार डेलिगेट असतील तर 3-1 व्हायला साडेबासष्ट टक्के लागतात, म्हणजे 60-40 ने जिंका नाहीतर 51-49 ने, दोघांना दोन-दोनच. तीन असतील तर मात्र काठावर जिंकलात तरी 2-1. म्हणून नेवाडात हिलरी 51-45 ने पुढे असूनही त्या दिवशीच्या हिशोबात ओबामाला 13 डेलिगेट आणि तिला 12. टेक्सासात तर प्राथमिक मतदान तिने जिंकलं, त्याच रात्रीचं कॉकस (लोकांनी सभेला जमून उघडपणे बाजू निवडायची पद्धत) ओबामाने, आणि एकूण डेलिगेट त्याचे जास्त. सगळ्यात भारी उदाहरण आयडाहो. तिथल्या कॉकसला जेमतेम 21 हजार लोक आले, ओबामाला 15 डेलिगेट आणि हिलरीला 3, म्हणजे 12 ची आघाडी. त्याच दिवशी न्यू जर्सीत दहा लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं (एडिसनची आपली मंडळीही त्यात आलीच), हिलरी जिंकली 59-48 डेलिगेटांनी, आघाडी 11 ची!

हे न्याय्य आहे का? माझ्या मते नाही. नोकरीची शिफ्ट सोडून, पोरं कुणाकडे तरी ठेवून कॉकसला तासन् तास बसायला किती जणांना जमतं? पण हे नियम दोघांनाही आधीपासून माहीत होते, ओबामाच्या माणसांनी छोट्या कॉकस राज्यांत जाऊन माणसं जमवली, हिलरीच्या टीमने मोठी राज्यं धरली आणि बाकीची सोडली. तो डाव फसला. त्याला अन्याय नाही म्हणता येणार.

एका बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. 31 मे ला नियम समितीने मिशिगनचे काढून घेतलेले डेलिगेट अर्ध्या मतासह परत दिले आणि ते हिलरीला 69, ओबामाला 59 असे वाटले. "अनकमिटेड"ची सगळी मतं ओबामाला दिली असती तरी हिलरीचे 73 होत होते, तिचे चार यांनी आपल्या अंदाजाने उचलून त्याला दिले. मतदान झालेलं असताना समितीने मनाने आकडा काढणं मला अजिबात पटत नाही, 19-8 ने मंजूर झालं असलं तरी. त्यावर भांडायचं तर जरूर भांडा, फक्त त्या डेलिगेटांना तेव्हा अर्धंच मत होतं, म्हणजे चाराची दोनच मतं, आणि तीन दिवसांनी ओबामाने उमेदवारीसाठी लागणारा 2118 चा आकडा गाठला तेव्हा ती दोन इकडची तिकडे करून काहीच बदलत नव्हतं.