‘वेबसाइटवर पैसे घालवू नका’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज सगळ्या व्यापारी ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की छोट्या धंदेवाल्याने वेबसाइटवर एक रुपया घालवू नये, गुगल फक्त पैसे भरणाऱ्यांना वर दाखवतं, इंस्टा आणि व्हॉट्सॲप असलं की भागतं, मराठीत कोणी सर्च करत नाही, आणि आता एआय आलंय त्यामुळे सर्च हा विषयच संपला. तरी कोणाला साइट ठेवायचीच असेल तर कीवर्ड म्हणजे लोक शोधतात ते शब्द ठासून भरा, हजार बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका विकत घ्या, पन्नास रिव्ह्यू टाकून घ्या, महिन्यात पहिल्या पानावर, गॅरंटी. आणि खाली एक नंबर.

मी हे आधी सोडून देत होतो पण परवा माझ्या मावसभावानेच, दादाने, तो पाठवला. दादाची रत्नागिरीत पावस गावाच्या बाजूला हापूसची बाग आहे, पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतो, आणि तीन सीझन त्याची वेबसाइट मी सांभाळतोय. मेसेजखाली त्याने एवढंच लिहिलं होतं, ‘बंद करूया का रे साइट?’

नाही दादा, बंद नाही करायची. का ते सांगतो, आणि एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

‘गुगल फक्त पैसे भरणाऱ्यांना वर दाखवतं.’ हे चूक आहे. वरती ज्या जाहिराती येतात त्यांच्यावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं, ती जागा विकत मिळते, खालचे निकाल विकत मिळत नाहीत. जाहिरातीवर लाख रुपये ओतले तरी खालच्या निकालात तुम्ही एक पायरी वर चढत नाही, हे गुगलने स्वतः लिहून ठेवलंय. मॅपवर दुकानं दिसतात तिथेही तेच, तिथे मुख्यतः तीन गोष्टी बघतात: शोधणाऱ्याला हवंय ते तुमच्याकडे आहे का, तो तुमच्यापासून किती लांब आहे, आणि तुमचं नाव किती माहितीतलं आहे.

मग आपली साइट दिसत का नाही? बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं आणि ते कोणी बघितलेलंच नसतं. पहिल्या सीझनला दादाची साइट अख्खा एप्रिल गुगलवर नव्हती. दहाव्या पानावर होती असं नाही, नव्हतीच. दादाला वाटलं पैसे भरले नाहीत म्हणून. मी सर्चच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’, त्याला चिकटून कोलन आणि स्पेस न देता त्याच्या वेबसाइटचा पत्ता टाकला तर एकही पान आलं नाही. मग साइट ज्या वर्डप्रेसवर बनवलीय त्याच्या सेटिंगमध्ये गेलो, तिथे रीडिंग नावाचं पान असतं, त्यात खाली एक छोटी चौकट असते, सर्च इंजिनांनी ही साइट त्यांच्या यादीत घेऊ नये अशी विनंती करणारी, साइट बनत असताना ती टिक करून ठेवतात म्हणजे अर्धवट काम बाहेर दिसत नाही, आणि ज्याने साइट बनवली त्याने काम संपल्यावर ती टिक काढलीच नव्हती. एवढंच. सीझन जेमतेम अडीच महिन्यांचा आणि त्यातला भर महिना असा गेला, मला आजही त्याचं वाईट वाटतं. टिक काढली, सर्च कन्सोल नावाचं गुगलचं साइटवाल्यांसाठीचं साधन आहे त्यात साइट जोडली, पानं घ्या म्हणून तिथून विनंती टाकली, आठवड्याभरात पानं दिसायला लागली. सर्च कन्सोल फुकट आहे, लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते त्यात बरंचसं शब्दशः दिसतं, आणि तरी मी भेटलेल्या दहातल्या आठ दुकानदारांना ते माहीतच नसतं.

दुसरी गोष्ट, तीही त्याच साइटवर होती. पहिलं पान म्हणजे एक मोठा पोस्टर. फ्लेक्स छापतो तसा, त्यातच भाव, त्यातच पत्ता, त्यातच ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’. फोटोतली अक्षरं म्हणजे पानावरचा मजकूर नव्हे, त्याच्या जोरावर ते पान सर्चमध्ये येईल असं धरून चालू नका, आणि फोनवर तो फोटो उघडेपर्यंत माणूस परत जातो. आणि आतल्या पानावरचं मराठी डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टातून उचललेलं, पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसत होता. मराठी माणसाच्या साइटवर हा घोटाळा मी इतक्या वेळा बघितलाय! मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसतं, एवढं तरी बनवणाऱ्याला आधीच सांगा.

आता ‘कीवर्ड ठासा, बॅकलिंक घ्या, महिन्यात पहिलं पान.’ कीवर्डची जी लपलेली यादी पानाच्या कोडमध्ये भरतात ती गुगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं, म्हणजे ते काम आज कोणी पैसे घेऊन करत असेल तर तुम्ही इतक्या वर्षांपूर्वी संपलेल्या गोष्टीचं बिल भरताय. विकतच्या लिंकांवर एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा मोठा बदल आणून गुगलने कारवाई केली, तेव्हापासून त्या निरुपयोगी तरी ठरतात नाहीतर अंगाशी तरी येतात. आणि गॅरंटी? पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलच्याच मदतपानावर लिहिलंय, जो देतो त्याच्यापासून लांब रहा.

महिन्यात होतं हेही खरं नाही. केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं असं गुगलकडूनच सांगितलं गेलंय. दादाला मी हे बागेच्या भाषेत सांगितलं, की पेट्या भरायला लागल्यावर पानं लिहून उपयोग नाही, झाडाला मोहोर येतो तेव्हा साइटवर पानं तयार पाहिजेत म्हणजे मार्चला लोक शोधायला लागतात तोपर्यंत ती मुरलेली असतात. त्याला ते लगेच पटलं, फवारणीचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.

‘मराठीत कोणी सर्च करत नाही.’ या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथे आपणच आपलं नुकसान करून घेतो. गुगलचं बोलून टाइप करणं ऑगस्ट २०१७ पासून मराठीत चालतं. आमची मावशी फोनला बोलूनच सगळं विचारते, तिला इंग्रजी टाइप करावंच लागत नाही. आणि दादाच्या सर्च कन्सोलमध्ये मी स्वतः बघतो ना, एकच माणूस जणू चार वेशात येतो: देवनागरीत ‘हापूस आंबा पेटी भाव’, रोमन अक्षरांत हापूस, त्यातही कोणी एक ए लावतं कोणी दोन, आणि कोणी सरळ अल्फोन्सो. चौघांनाही आंबाच हवाय. त्यामुळे पानावर हे शब्द माणूस बोलेल तसे सहज आले पाहिजेत, ओळीत दहा वेळा तेच कोंबून नाही.

पण शब्दापेक्षा प्रश्न महत्त्वाचा. लोक नुसतं ‘आंबा’ शोधत नाहीत. ते विचारतात, कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून गळ्यात मारतात तो ओळखायचा कसा, पेटीत साका म्हणजे आतून पांढरं पडलेलं फळ निघालं तर पैसे परत मिळतात का, कार्बाइडचा नाही हे कशावरून, कच्ची पेटी घरी कशी पिकवायची, चार डझनच्या आणि सहा डझनच्या पेटीतल्या फळात फरक काय. यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दादाला तोंडपाठ आहे, तो रोज फोनवर पंधरा जणांना तेच सांगतो, आणि साइटवर मात्र काय होतं? ‘आम्ही ग्राहकांच्या समाधानासाठी कटिबद्ध आहोत.’ हे वाक्य कोणीही कधीही शोधत नाही. आम्ही ते काढलं आणि एकेका प्रश्नाला एकेक पान केलं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर देशात कायद्याने बंदी आहे हे लिहिलं, आणि आपण गवताच्या आढीत कसं पिकवतो त्याचे फोटो टाकले, आढीचा थर, मधे वळवलेली फळं, सगळं, दादाच्याच फोनवरून काढलेलं. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालंय, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांना आहे, हेही गिऱ्हाइकाला समजेल असं लिहिलं. हे लिहायला कोणी एजन्सी लागत नाही, आणि एजन्सीला ते लिहिता येणारही नाही कारण आढी त्यांनी बघितलेली नसते.

‘इंस्टा आणि व्हॉट्सॲप पुरे.’ दोन्ही वापराच, दादाचे अर्धे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरच ऑर्डर देतात. पण २९ जून २०२०ला टिकटॉक बंद झालं तेव्हा आपल्याकडच्या गावागावांतल्या पोरांनी लाखोंनी जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले, त्यांची काही चूक नव्हती. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इंस्टा आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहा तासांच्या आसपास बंद होते. आणि ज्यांनी गुगलच्याच बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे मॅपवर दुकानाची माहिती दाखवणाऱ्या नोंदीवर, फुकटची छोटी वेबसाइट बनवली होती त्यांची ती मार्च २०२४ मध्ये गुगलने बंद केली. दुसऱ्याच्या जागेत टपरी टाकली तर मालक म्हणेल तेव्हा उठावं लागतं. म्हणून डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आपलं हवं, आणि आपलं म्हणजे खरंच आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, साइट बनवणाऱ्याच्या नाही. एका ओळखीच्या दुकानदाराचं डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर होतं, त्याने फोन उचलणं बंद केलं आणि या माणसाने छापलेल्या सगळ्या पिशव्यांवरचा पत्ता वाया गेला. आज जाऊन बघा तुमचं कोणाच्या नावावर आहे.

बिझनेस प्रोफाइल मात्र नक्की भरा, फुकट आहे, वेळा आणि फोन बरोबर ठेवा, आणि दुकानाच्या नावात ‘बेस्ट हापूस स्वस्त रत्नागिरी’ असलं काही घुसवू नका, ते नियमाविरुद्ध आहे आणि प्रोफाइल अडकतं.

रिव्ह्यू विकत घेण्याबद्दल एकच सांगतो, ते गिऱ्हाइकाला फसवणं आहे. गुगलच्या नियमात बसत नाही, ‘पाच स्टार द्या आणि पन्नास रुपये सूट घ्या’ हेही बसत नाही, आणि आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी वेगळं मानकही काढलंय. मागायला मात्र काही हरकत नाही. आम्ही पेटीत एक कार्ड टाकतो, आंबा कसा निघाला ते लिहा म्हणून, चांगला-वाईट जे असेल ते. एका बाईंनी तीन स्टार देऊन लिहिलं की दोन फळं डागी निघाली, दादाने खाली माफी मागून पुढच्या पेटीत चार फळं जास्त घातली, नंतर फोन करणारे कितीतरी जण म्हणाले तुमचं ते उत्तर वाचलं म्हणून फोन केला.

राहिला एआय. हा मुद्दा पूर्ण खोटा नाही म्हणून नीट बोलूया. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगलच्या निकालांवर एआयने लिहिलेलं उत्तर यायला लागलंय, त्यामुळे साध्या माहितीच्या प्रश्नाला माणूस तिथेच वाचून थांबतो, आपल्या पानावर येत नाही, हे आम्हालाही जाणवलंय. पण ते उत्तर येतं कुठून? अशाच पानांतून. आणि त्यात दिसायला वेगळं काही तंत्र लागत नाही, पान गुगलने यादीत घेतलेलं असावं आणि त्यातला उतारा निकालात दाखवता यावा हीच अट, हेही गुगलनेच सांगितलंय. आंबा कसा ओळखायचा हे मशीन सांगेल, पेटी मशीन पाठवणार नाही, त्यासाठी कोणाचा तरी फोन नंबर लागतोच, आणि तो ज्याच्या पानावर बागेचे खरे फोटो आहेत, भाव लिहिलाय, साका निघाला तर काय करणार ते स्पष्ट लिहिलंय, त्याचा लागण्याची शक्यता जास्त.

दादाला हे सगळं काल फोनवर सांगितलं. साइट चालू राहतेय. त्याला लिहायचा कंटाळा येतो, बोलायला मात्र आवडतं, म्हणून म्हटलं साक्यावर जे गिऱ्हाइकाला सांगतोस ते मला बोलून पाठव. रात्री अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आलाय, मागे कुत्रं भुंकतंय, मधेच वहिनी काहीतरी विचारतेय, आणि फळ बाहेरून सोन्यासारखं दिसत असताना आत पांढरं का पडतं ते तो इतकं मनापासून सांगतोय की मी ते जसंच्या तसं टाइप करायला घेतलंय.